सहावा सिलिंडर

१

दीप्ती जाधवकडे लोक जुन्या गाडीची किंमत विचारायला यायचे, आणि ती पहिल्याच वाक्यात त्यांना थांबवायची. "किंमत तुमची तुम्ही ठरवा. इंजिन किती टिकेल ते मी सांगते." नौपाड्यात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची छोटीशी खोली होती. तिथे ती फार कमी बसायची. पुण्यापासून नाशिकपर्यंत ज्याच्याकडे म्हणून जुनी मोठी गाडी होती, तो कधी ना कधी तिला बोलावून घ्यायचा.

सहा सिलिंडरांच्या सरळ इंजिनावर तिचा विशेष जीव होता. पूर्वीच्या ऐटबाज गाड्यांमध्ये असायचं तसं, सहाही सिलिंडर एका ओळीत, एकामागे एक. लांबलचक आणि जड प्रकरण, पण नीट चाललं तर बॉनेटवर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी हलणार नाही. असं इंजिन टिकतं ते त्याच्या तोलामुळे आणि जातं ते लांबीमुळे, असं ती म्हणायची. पाण्याचा पंप पुढे असतो. थंड पाणी मागच्या टोकाला पोचेपर्यंत कोमट होतं, म्हणून सगळ्यात मागचा, ड्रायव्हरच्या पायांजवळचा सहावा सिलिंडर आयुष्यभर बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो. पहिले पाच खोटं बोलू शकतात, सहावा बोलत नाही. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ब्लॉकवर आधी तळहात ठेवायचा आणि मगच हत्यारं काढायची, ही सवय तिला त्यांच्याकडून लागली होती.

डोंबिवलीजवळच्या मानपाड्याहून प्रफुल्ल भोईर यांचा फोन आला तेव्हा तिने नेहमीचे प्रश्न विचारले.

"गाडी शेवटची कधी चालवली?"

"बाबा आजारी पडले तेव्हापासून बंदच आहे, मॅडम. आम्ही स्टार्टर मारलाच नाही कधी."

"विकायची आहे?"

"नाही."

"मग दुरुस्त करायची?"

"नाही, नाही. तुम्ही फक्त बघून सांगा. किती टिकेल."

दीप्ती हसली. "अहो दादा, बंद इंजिनाला काय टिकायचंय? ते आहे तिथेच आहे."

पलीकडे कोणी हसलं नाही. प्रफुल्ल म्हणाला, "तुम्ही या तर खरं. फक्त गेटपाशी हॉर्न नका वाजवू."

२

शिळफाट्याच्या गर्दीतून सुटून दीप्ती मानपाड्याला पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. चहूबाजूंनी उंच इमारती आणि मध्ये भोईरांचं दुमजली घर. समोर तुळस, बाजूला पत्र्याची शेड. वाऱ्याबरोबर औद्योगिक वसाहतीचा उग्र वास येत होता, पण तिथल्या कोणालाही तो येत नसावा.

प्रफुल्ल पन्नाशी ओलांडलेला, अंगाने भरलेला माणूस. बोलताना तो समोरच्याच्या खांद्याकडे बघायचा. त्याची बायको कल्पिता स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पदराला पुसत उभी होती. तिने दीप्तीला बघितलं, नवऱ्याला बघितलं आणि आत गेली.

"बाबांनी घेतलेली," शेडचं दार सरकवत प्रफुल्ल म्हणाला. "आमची शेती होती इथे. त्याआधी बाबा मिठागरात होते, खाडीवर. जमीन गेली, पैसे आले. लोकांनी घरं बांधली, बाबांनी पहिली ही गाडी घेतली. कंपनीतला एक गोरा साहेब परत चाललेला, त्याची. दर चैत्रात एकवीरेला जायचो हिच्यातून. बॉनेटला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मलासुद्धा."

गाडी विलायती होती, काळपट हिरवी, नाकाने लांब. टायर बसले होते. तरी धूळ नव्हती कुठे. कोणीतरी ती रोज पुसत असणार.

तेवढ्यात दीप्तीला आवाज ऐकू आला. लांब, खरखरीत, आत ओढलेला. मग थोडी शांतता. मग बाहेर सोडलेला. शेडच्या बरोबर वर एक खिडकी होती, तिकडे तिने बघितलं.

"बाबांचा श्वास," प्रफुल्ल म्हणाला. घरातल्या एखाद्या जुन्या पंख्याच्या आवाजाबद्दल पाहुण्यांकडे माफी मागावी तसा. "पॅरालिसिस आहे. पडून असतात."

"कधीपासून?"

"बॉनेट उघडून आत वाकलेले काहीतरी बघायला. तिथेच झटका आला. आम्ही धावत आलो तर तोंड इंजिनवर टेकलेलं. उठवायला गेलो तर लवकर उठेचनात." त्याने बॉनेटकडे बघितलं. "हातांनी इंजिन घट्ट धरलेलं."

दीप्तीने बॉनेट उचललं. रांगेत पहिल्या पाच सिलिंडरांचे स्पार्क प्लग गंजून तांबडे झाले होते. सहाव्या जागी प्लग नव्हता. त्या भोकावर मलमलचं पांढरं फडकं ठेवून भोवती दोऱ्याने बांधलं होतं. फडकं स्वच्छ होतं, नुकतंच धुऊन वाळवल्यासारखं.

"हे कोणी बांधलं?"

"आई बदलते. रोज."

"धूळ जाऊ नये म्हणून?"

प्रफुल्लला हे उत्तर आयतं मिळालं. "हो," तो म्हणाला. "धूळ." आणि तो बाहेर निघून गेला.

तिने सवयीने तळहात टेकवला. पुढून ब्लॉक थंडगार होता. हात मागे मागे सरकवत ती सहाव्यापाशी आली आणि तिथे लोखंड कोमट लागलं. ऊन लागून तापलेल्या पत्र्यासारखं नाही. पांघरुणाखाली झोपलेल्या माणसाच्या पाठीला हात लागावा तसं.

३

दीप्तीने कारणं शोधली. मागच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं, शेगडीची धग येत असेल. रेडिएटर थंड, बॅटरी काढून नेलेली. म्हणजे धगच. तिने मनातल्या मनात ते पक्कं केलं आणि कामाला लागली.

पाच प्लग तेल सोडून, दम धरून काढले. पुढून हँडल घातलं आणि इंजिन हाताने फिरवायला बघितलं. जागचं हललं नाही. पूर्ण वजन टाकलं तरी नाही. इंजिन जाम होतं, पिस्टन गंजून चिकटले होते. खरं तर काम इथेच संपलं. आता प्रफुल्लला बोलावून सांगायचं, दादा, हे गेलं, आणि हात धुवायचे.

पण सहावा बघायचा राहिला होता.

दोरा सोडून तिने फडकं उचललं. त्याची आतली बाजू ओलसर होती. टॉर्चचा झोत भोकात टाकला. बाकीच्या पाचांत गंज दिसला होता. इथे गंज नव्हता, काळोख होता आणि तो ओला होता.

भोकावर अंगठा दाबून आतल्या हवेचा जोर बघणं ही जुनी रीत. दाब मोजायचं गेज नसेल तेव्हा सगळे मेकॅनिक तेच करतात. पण त्यासाठी इंजिन फिरत असावं लागतं. जाम इंजिनावर अंगठा ठेवण्यात काही अर्थ नव्हता. तिने ठेवला.

अंगठ्याला गरम हवा लागली. मग ती थांबली. मग अंगठ्याची कातडी हलकेच आत ओढली गेली.

ती दचकली, पण अंगठा काढला नाही. सायलेन्सरमधून वारा येत असेल. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल. तिने अंगठा उचलून गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली, परत आली, पुन्हा अंगठा ठेवला, पण यावेळी अलगद, भोक पूर्ण न झाकता. बाहेर, थोडं थांबून, आत. वरच्या खिडकीतून तोच आवाज येत होता. बाहेर, थोडं थांबून, आत.

मग तिने अंगठा घट्ट दाबला.

वरचा आवाज अर्ध्यात तुटला.

शेडमध्ये एवढी शांतता झाली की लांब रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग वर पलंग करकरला आणि एका म्हाताऱ्या बाईचा घाबरलेला आवाज आला, "अवो! काय होतंय तुमाला? कल्पिता! अगं धाव!"

दीप्तीने अंगठा उचलला. वर घशातून मोठा ओढल्यासारखा आवाज झाला आणि श्वास पुन्हा चालू झाला.

योगायोग, तिने स्वतःला सांगितलं. आजारी माणूस आहे, ठसका लागला असेल. एकदा घडलेल्या गोष्टीवरून काही ठरवायचं नसतं. पुन्हा करून बघितल्याशिवाय तिने कधी कुठल्या इंजिनाबद्दल तोंड उघडलं नव्हतं. आणि हा सगळा विचार ती करत होती तेव्हाच, आत कुठेतरी, हा योगायोग नाही हे तिला माहीत होतं.

तरी तिने पुन्हा अंगठा दाबला. आणि यावेळी धरून ठेवला.

अंगठ्याखालून ओढ येत होती. आधी हळू, मग धडपडत, मग इतकी जोरात की नखापर्यंत कळ गेली. वर काहीतरी लोखंडावर आपटत होतं. भांडं पडलं. आजी आता हाका मारत नव्हती, नुसती कण्हत होती. दीप्ती मान तिरकी करून ऐकत होती, कुठल्याही इंजिनाला ऐकते तशीच, किती दम आहे याचा अंदाज घेत.

मग तिला वाटलं मागे कोणीतरी आहे.

प्रफुल्ल दारात उभा होता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, तिच्या अंगठ्याकडे बघत होता. कधीपासून, कोण जाणे. तो ओरडला नाही, पुढे आला नाही, थांबा म्हणाला नाही. दोघांची नजरानजर झाली तेव्हा त्यानेच आधी मान खाली घातली.

तिने हात झटकून मागे घेतला. वर श्वास परत आला, फाटक्या कापडासारखा.

"झालं का, मॅडम?" तो पुटपुटला.

"झालं," दीप्ती म्हणाली. कान असे तापले होते की ते त्याला दिसत असतील याचीच तिला लाज वाटली.

४

"ताई, आई वर बोलावतायत," कल्पिता जिन्यावरून म्हणाली. "चहा वरच ठेवलाय."

नको म्हणायला तोंड उघडेना. दीप्ती तिच्यामागून वर गेली.

खोली स्वच्छ होती. औषधं, पाण्याचा तांब्या, भिंतीवर एकवीरा आईची तसबीर. पलंगावर काळुराम भोईर आडवे होते, एके काळी धिप्पाड असलेला माणूस, आता हाडांवर कातडं. त्यांची बायको गोदाआजी उशाशी बसून ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसत होती.

"ये बाय, बस," ती म्हणाली. "यांना आता कसातरीच झाला बघ. जीवच घाबरला माजा. आन यो बघ ना, काय लागलाय तोंडाला. किती पुसते, निघतच नाय."

दीप्तीने बघितलं. म्हाताऱ्याच्या दोन्ही ओठांवर आडवा, काळा, तेलकट डाग होता. लांबट गोल, अंगठ्याएवढा. त्यात बारीक रेषासुद्धा उमटल्या होत्या.

तिने उजवा हात पदराआड करायला जावं आणि पदर नाही हे लक्षात यावं, तशी तिची गत झाली. हात तिने पाठीमागे नेला आणि कपबशी डाव्या हाताने उचलली. चहा सांडला. आजीने तो सांडलेला चहा बघितला, पाठीमागे गेलेला हात बघितला, आणि पुन्हा पुसू लागली. काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काळुराम जागे होते. त्यांचे डोळे दीप्तीवर होते. त्या डोळ्यांत राग असता तर तिने मान वर केली असती. पण तिथे फक्त घरी आलेल्या माणसाची ओळख पटवून घ्यायचा प्रयत्न होता.

आणि मग तिला ते दिसलं. त्यांच्या अंगावर पातळ चादर होती. चादर हलत नव्हती. छाती वर जात नव्हती, खाली येत नव्हती. खोलीत श्वासाचा आवाज भरून होता, पण तो पलंगावरून येत नव्हता. तो खिडकीतून येत होता, खालून, शेडमधून.

"डाक्तर बोलतात आज-उद्या," आजी म्हणाली. "आज-उद्या करता करता नातवाचा लगीन झाला. ही कल्पिता माहेरी गेली नाय कदी तवापासून. तिची आई गेली तवा बी सकाली जाऊन सांजला परत." दारात उभी असलेली कल्पिता जमिनीकडे बघत राहिली. "मी फडका धुते रोज. माजे हात चालतात तवर धुवीन. पन मी आधी गेले तं? मंग काय करावाचा या पोरांनी? कोनाला सांगावाचा?"

"आजी," दीप्ती म्हणाली.

"तू शिकलेली हायस. तू सांग."

दीप्ती चहा तसाच ठेवून खाली आली.

५

प्रफुल्ल गाडीपाशी होता. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला नवा कोरा प्लग होता. तो त्याने दीप्तीपुढे धरला.

"सहाव्याला बसतो हा. दुकानात दाखवून आणलाय." आवाज अगदी खाली गेला होता. "मी कितीदा खाली आलोय हे घेऊन. हात पुढे जात नाही, मॅडम. वडील आहेत माझे."

"म्हणून मला बोलावलंत? किती टिकेल ते विचारायला नाही?"

"तुम्ही परक्या आहात. तुमचं रोजचं काम आहे हे, प्लग बसवायचं."

"मी असलं काही करणार नाही," दीप्ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला छान, ताठ वाटला. "मला यात ओढू नका. लाज वाटायला पाहिजे तुम्हाला."

"वाटते," प्रफुल्ल म्हणाला. "रोज वाटते. पण मघाशी तुम्ही काय करत होता?"

इंजिन तपासत होते, हे उत्तर तिच्या जिभेवर होतं आणि तिथेच राहिलं. हत्यारं गोळा करून निघून जावं म्हणून ती पान्यांकडे वाकली.

जिन्यावर चप्पल वाजली. गोदाआजी भिंतीला धरून खाली येत होती. ती शेडमध्ये आली, लेकाच्या हातातला प्लग तिने काढून घेतला. त्याने तो घेऊ दिला.

"आई, तू नको."

"तू जा भायेर," आजी म्हणाली.

तो गेला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आजीने इंजिनवर वाकून फडकं बाजूला केलं. आपला हात त्या कोमट लोखंडावर फिरवला, एकदा, संसार केलेल्या बाईने फिरवावा तसा. मग प्लग भोकावर टेकवला. तो बसेना. तिने तो इकडे फिरवला, तिकडे फिरवला. आटे लागत नव्हते. मान वळवून तिने दीप्तीला विचारलं,

"कंच्या अंगाला फिरवावाचा गं बाय?"

"उजवीकडे," दीप्ती म्हणाली.

तो शब्द कसा बाहेर पडला ते तिला कळलं नाही. कोणी पाना हातात घेऊन विचारलं की सांगायचं, एवढी साधी सवय. शब्द गेला होता. परत घ्यायला काही क्षण होते, आणि तेही ती बघत राहिली तसे गेले. तिच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं? हे सगळं खरं नसेलच, तर प्लग बसवला म्हणून बिघडतं काय. आणि खरं असेल, तर सुटले सगळे. दोन्ही बाजूंनी ती मोकळी होती. इतकं सोयीचं उत्तर तिने आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं.

आजीने प्लग उजवीकडे फिरवत आत घातला. वरचा श्वास बारीक होत गेला. शेवटी फक्त शिट्टीसारखी एक कुरकुर उरली. आजीच्या बोटांत जोर नव्हता.

"माज्यानं नाय होत," ती म्हणाली. ती रडत नव्हती. "घट कर गं."

प्रफुल्लने तोंड वळवलं नाही. दीप्तीने पाना लावला आणि पाव फेरा दिला.

६

मानपाड्याच्या त्या घरात मग कसलाच आवाज राहिला नाही. तिघं उभी होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. वरून रडं ऐकू येईल, याची तिघंही वाट बघत होती. आता कल्पिता हंबरडा फोडेल, मग धावायचं, मग काय करायचं ते ठरलेलं असतं.

कल्पिता खिडकीत आली. तिचा आवाज अगदी साधा होता, झोपेतून उठल्यासारखा.

"अहो," ती म्हणाली, "बाबा उठून बसलेत."

प्रफुल्लने वर बघितलं नाही.

"विचारतायत, खाली कोण आलंय."

वर पलंग करकरला. जमिनीवर पाय टेकल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. मग जिना. सावकाश, पण कुठेही न थबकता, धापा न टाकता. बसल्या जागेवरून उठून जेवायला यावं तशी पावलं खाली येत राहिली.

दीप्ती पळू शकली असती, गेट उघडंच होतं. पण पळायला आधी मान वर करून रस्ता बघावा लागतो, आणि ती मान वर होईना. मिठाने आणि चिखलाने कधीकाळी फुटलेल्या, भेगाळलेल्या टाचा शेडच्या उंबऱ्यात दिसल्या. पायांवर अंथरुणातल्या माणसाची सूज होती. ते पाय गोदाआजीपाशी थांबले. मग प्रफुल्लपाशी. मग गाडीला वळसा घालून दीप्तीच्या समोर आले, इतके जवळ की कपड्यांचा औषधी वास आला.

एवढ्या जवळ उभ्या राहिलेल्या माणसाचा श्वास गालाला लागतो. तिच्या गालाला काही लागलं नाही.

"बाय," काळुराम म्हणाले, घोगऱ्या आणि प्रेमळ आवाजात, "उनाची आयलीस, कोनी चा दिला का तुला, का तशीच ठेवली या लोकांनी, घरी आलेल्या मानसाला आदी चा देवाचा मंग काम सांगावाचा यवढी अक्कल नाय यांना, बस, बस, प्रफुल्ला, खुर्ची आन तिला."

"दिला, बाबा," प्रफुल्ल भिंतीला म्हणाला. "दिला चहा."

"पिली का पन ती?"

दीप्तीच्या डोळ्यांतून पाणी गळून पायांवर पडलं. त्या घरात कोणीतरी तिला शिव्या घालायला हव्या होत्या. ज्यांचा हक्क होता ते चहाचं विचारत होते. तिने नुसती मान हलवली, पिशवी उचलली आणि खाली बघतच आपल्या गाडीपर्यंत गेली. पाने तिथेच राहिले. आणायला ती कधी गेली नाही.

७

पुढचे काही आठवडे दीप्तीने काम घेतलं नाही. पाठ धरलीय म्हणून सांगितलं. भोईरांचा नंबर दिसला की ती फोन उलटा करून ठेवायची. डोंबिवलीतला एक ओळखीचा स्पेअरपार्टवाला सहज म्हणाला, मानपाड्याचे काळुरामशेठ म्हणे चमत्कार झाल्यासारखे बरे झाले, गल्लीभर हिंडतात, सगळ्यांशी बोलतात, घरच्यांनी पेढे नाही वाटले याचंच लोकांना नवल. दीप्ती "हो का" म्हणाली आणि पैसे न देताच दुकानातून बाहेर पडली. त्याला मागून हाक मारावी लागली.

एक दिवस दुपारी अनोळखी नंबर आला. तिने उचलला.

"मॅडम, ठेवू नका," प्रफुल्ल घाईने म्हणाला. "शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलतोय. तो प्लग निघत नाही. दोन मेकॅनिक येऊन गेले, पानाच बसत नाही म्हणतात, आटे नाहीतच म्हणतात तिथे. तुम्ही बसवलाय, तुम्हीच काढू शकाल. बाबा झोपत नाहीत, मॅडम. बोलायचे थांबत नाहीत. कोणाला एका शब्दाने टोचून बोलत नाहीत, रागावत नाहीत. उलट आईची पाठ चेपून देतात. आई... आई तोंडावर पदर घेऊन बसलेली असते दिवसभर. एकदा या. मी पाया पडतो."

दीप्ती खिडकीपाशी उभी होती. खाली गोखले रोडवर लोक भाजी घेत होते, रिक्षा थांबवत होते. ती म्हणाली,

"राँग नंबर."

आपला आवाज तिने बदललासुद्धा नव्हता.

पलीकडून त्याने हळूच म्हटलं, "बरं, मॅडम." त्यात राग नव्हता. तोंड लपवणाऱ्याला तोंड लपवणारा ओळखतो, तसं ते होतं.

त्याने फोन कापला नाही, नुसता कुठेतरी खाली ठेवला असावा. लांबून एक घोगरा, प्रेमळ आवाज येत होता. कोन हाय, ती बाय हाय का, तिला सांग एकवीरेला जाऊ या खेपेस, मागे बसेल ती कल्पितासंगं, आन घाटात थांबून वडे खाऊ, लाजू नको म्हनावं, घरचीच हायस, काम करताना हात काले व्हतातच, त्यात काय येवढा, आमचे हात बी मिठानं सोलायचे... एका सुरात, एका धाग्यात, वाक्यामागून वाक्य.

फोन ठेवून द्यायला हवा होता. दीप्तीने तो कानाला आणखी घट्ट धरला. तो आवाज मध्ये कुठे थांबतो का, दम घेतो का, तेवढं तिला ऐकायचं होतं. खालची दुकानं दुपारची बंद झाली, ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. ती ऐकत राहिली. तो थांबला नाही.